जवसाचं तेल

बोरीटोल्यात कोणाकडे लग्न निघो की तेरवी, किराण्याची यादी व्हायच्या आधी सत्यभामाबाईला बोलावणं जायचं. मिरची मोहाडीच्या बाजारातून कोणीही आणो, तिचं तिखट व्हायचं ते सत्यभामाबाईच्या हातचं. ते असं लालभडक उतरायचं, की भाजीवर तर्री चढली की पंगतीतलं कोणी ना कोणी विचारणारच, "कोनाच्या हातचं हाय वो हे?" सत्यभामाबाई सैंपाकाच्या मांडवाआड उभी राहून ते कान देऊन ऐकायची. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, पण हे ऐकायचा सोस काही सुटला नव्हता. वर म्हणायची काय, तर "माहं काय त्यात, मिरचीच गुनाची होती." खोटं, अगदी खोटं! मिरचीला ती काडीचं श्रेय देणारी नव्हती.

तिची युक्ती होती जवसाच्या तेलाची. धान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उभा असतानाच त्यात जवस फेकायचा, धान कापला की मागच्या ओलीवर तो येतो, आणि घाण्यावरून त्याचं तेल काढून आणायचं. हे गावात बऱ्याच घरी होतं. पण कांडायच्या आधी तळहाताला ते तेल चोपडून मिरच्या चोळायच्या, हे सत्यभामाबाईच्या आजीनं केलं, आईनं केलं आणि तीही करत आली. तेलानं रंग उघडतो, खकाणा उडत नाही आणि हाताची भगभगही कमी होते. ठसक्याचं निमित्त करून ती आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि एकटीच चोळत बसायची. किती चोळायचं नि कुठं थांबायचं, एवढं तिच्या हाताला कळत होतं, डोक्याला नव्हतं.

त्या वर्षी धान निसवायला आला आणि तुडतुड्यांची कीड पडली. चार बांध्यांतल्या तीन आठ दिवसांत करपल्यासारख्या बसल्या. नवरा केवळराम बांधावर उकिडवा बसून पाहत राहिला. मुलगा भूपेंद्र तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला जाऊ लागला. संध्याकाळी घरी यायचा तो भुसा अंगावर घेऊन. अशात, शिमगा आटोपल्यावर, गावातल्या बायांच्या गटाला मसाल्याचं ट्रेनिंग आलं. भंडाऱ्याहून तृप्ती मॅडम यायच्या. पंधरा दिवस शिकवणार, मग गटानं आपलं आपण तिखट करून दुकानांत द्यायचं. ते जमलं तर कांडपाची मशीन गटाजवळच राहणार, आणि ज्या बाईचं काम चोख दिसेल तिला पुढं दुसऱ्या गावांत शिकवायला नेणार.

सत्यभामाबाईची सून रीता नाकाडोंगरीकडची. बारावी झालेली, लग्नाला तीन वर्षं. तोंडातून शब्द काढायचा तर आधी दोनदा विचार करणारी. पण मॅडमनी हे सांगितलं त्या दिवशी ती घरी येऊन भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, मले जमन का वो शिकवाले?"

"आधी शिक तं खरी," सत्यभामाबाई म्हणाली. मनात म्हणाली, मिरचीतलं शिकवायला आता भंडाऱ्याच्या बाया येऊन राहिल्या का आम्हाला!

पण गेली तीही. न जाऊन कसं चालेल? गावात मसाल्याचं काही होतंय आणि सत्यभामाबाई तिथं नाही, असं झालं असतं तर तिला जेवण गेलं नसतं.

समाजमंदिरात ताडपत्री अंथरलेली, कोपऱ्यात नवी कोरी मशीन, टेबलावर आकडे दाखवणारा वजनकाटा. मॅडम बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की दारात एक बाई उभी राहील, ती आत येणाऱ्या प्रत्येकीचे हात पाहील, आणि पास झालेलीच आत येईल. नखं, जखम, बांगड्यांत अडकलेलं पीठ, आणि तेल.

"तेल तर अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "घरी बरणीत ठेवता ती गोष्ट वेगळी. प्लास्टिकच्या पाकिटात, दुकानात, उन्हात तेलाचं तिखट खवट होतं. हात झोंबतात म्हणून तेल लावायची सवय आहे तुम्हाला, माहीत आहे मला. हातमोजे आहेत, ते घाला."

दारात उभं राहायचं काम रीताला मिळालं. गटाची अध्यक्ष मंगलाबाई, आडवी बाई, तोंडानं तिखट, तिनं दोन्ही पंजे रीताच्या नाकासमोर धरले. "पाय बाप्पा, नीट पाय! नवऱ्यानं बी कधी इतके पायले नाहीत." बाया खो खो हसल्या. रीताही हसली, पण पाहिले तिनं, उलटे-पालटे करून पाहिले. उषाबाईला तर नखं कापायला परत घरी धाडली.

मग सत्यभामाबाई आली. रीतानं मान खाली घातली, पदर सारखा केला आणि बाजूला सरकली. "जा न आई तुमी."

सुनेनं सासूचे हात तपासायचे म्हणजे काय! बायांना ते आवडलं. "वळनाची हाय वो पोरगी," कोणीतरी म्हणालं. सत्यभामाबाईनं मान ताठ केली आणि आत गेली. रोज तसंच झालं. पंधरा दिवस गावातल्या बारा बायांचे हात तपासले गेले, तेराव्या बाईचे कोणी पाहिले नाहीत.

आठव्या दिवशी मॅडमनी तिला उभं केलं. "काकू, तुमच्या हाताचं सगळे नाव घेतात. मीठ किती घालता सांगा बरं."

"अंदाजानं."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"ग्राम कायचे वो? चिमटी घालतो, झालं."

मॅडमनी काटा पुढं ओढला. "घाला चिमटी." सत्यभामाबाईनं चिमूट टाकली. आकडा आला. "आता पुन्हा घाला, तेवढीच." दुसरा आकडा आला तो दुपटीच्या जवळ. तिसरा आणखी भलताच. कपाळावर घाम आला, आणि बाया हसायला लागल्या. वाईट नव्हतं हो त्यांचं हसणं. सकाळपासून देठं खुडून कंबरा धरल्या होत्या, जरा मोकळं व्हायला मिळालं म्हणून हसल्या. पण सत्यभामाबाईनं मान वळवली आणि पाहिलं तर वही मांडीवर घेतलेली रीताही तोंडाला हात लावून हसत होती.

ते हसू तिला लागलं. ती तशीच घरी आली. रीतानं "आई, चहा ठेवू का?" विचारलं तर म्हणाली, "किती ग्राम ठेवशीन?" रीताचा चेहरा पडला, आणि ते पाहून सत्यभामाबाईला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

ट्रेनिंग संपलं आणि गटाचं पहिलं तिखट करायचा दिवस आला. मॅडम त्या दिवशी दुसऱ्या गावाला होत्या. कामाच्या वहीत सही रीताची: मिरची वाळवणं, तपासणं, कांडणं, सगळं तिच्या नावावर. चार दिवस तिनं मिरच्या उन्हात हलवल्या होत्या. चेहरा काळवंडला होता, डोळे लाल. देठ मोडला की कट् असा आवाज आला पाहिजे, असं मॅडमनी सांगितलेलं. ती एकेक मिरची कानाशी नेऊन मोडायची. मंगलाबाई म्हणायची, "फोन लावून राहिली का वो कोनाले?"

त्या सकाळी दोघी सासू-सुनाच होत्या समाजमंदिरात. बाकीच्या बाया जेवण करून दुपारी येणार होत्या. रीतानं ढीग ताडपत्रीवर ओढला, आणि पोट धरून मटकन खाली बसली.

"काय झालं?"

"पोट दुखून राहिलं आई. मी घरून येतो जराशी. तुमी फक्त ढिगावर ध्यान ठेवा, हात नका लावू, मोजे मी आनतो."

हात नका लावू! कोणाला म्हणाली? सत्यभामाबाई ढिगासमोर बसली. मिरच्या चांगल्या वाळल्या होत्या, यात शंका नव्हती. पण रंग कोरडा दिसत होता, जरा विटकाच. असं तिखट दुकानात जाईल, लोक नेतील, आणि म्हणतील बोरीटोल्याचं तिखट ते हे? सत्यभामाबाईच्या गावचं? तिच्या कमरेला, खोचलेल्या पदरात, खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती, जवसाच्या तेलानं भरलेली. घरून निघताना तिनं ती का घेतली, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. आता उगाच खोटं कशाला बोला: घालायचं म्हणूनच घेतली होती.

तिनं दाराकडे पाहिलं. रस्त्यावर ऊन आणि एक कुत्रं, बाकी कोणी नाही. मग तिनं तळहातावर तेल घेतलं आणि चोळायला सुरुवात केली. काट्याला न कळलेलं सगळं त्या हातांना कळत होतं. मिरच्या सळसळत होत्या, एकेक ओंजळ अंगावर तेज घेत होती. तिच्या हातांची आग होत होती, नाकातून पाणी येत होतं, आणि तिला फार सुख वाटत होतं. रीता परत आली तेव्हा बाटली पुन्हा कमरेला होती आणि सत्यभामाबाई भिंतीला टेकून पदरानं वारा घेत होती.

तिखट उतरलं ते पाहून मंगलाबाईनं रीताच्या पाठीत थापच मारली. "अवो पोरी, काय रंग काढला वो तू!" पाकिटं भरली, तोंडं मशीनवर चिकटवली, मोहाडीच्या आणि तुमसरच्या दुकानांत गेली. मॅडमनी आठवड्यानं येऊन पाकीट हातात धरलं, उजेडात नेलं, आणि रीताचा फोटो काढला. "भंडाऱ्याला तुझं नाव पाठवते," म्हणाल्या. त्या दिवशी रीतानं सासूच्या पाया पडून सांगितलं. सत्यभामाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. सून हसलीच होती ना आपल्याला? मग आता बघ म्हणावं, हात कोणाचा चालतो. असं तिच्या मनात आलं, आणि ते आलं म्हणून पुढं कितीतरी दिवस तिला स्वतःचं तोंड पाहवलं नाही.

वैशाख लागला. तलाव आटून मधोमध डबकं राहिलं, बांध्यांना भेगा पडल्या, दुकानांच्या पत्र्यांखाली माणसाला उभं राहवेना. आणि पाकिटं परत यायला लागली. आधी मोहाडीहून थैलीभर, मग तुमसरहून पोतंभर. दुकानदारानं सांगून पाठवलं होतं, यापुढं तुमच्या गावचा माल ठेवणार नाही.

मंगळवारी मंगलाबाईनं बायांना समाजमंदिरात जमवलं. मॅडम शुक्रवारी येणार होत्या, त्याआधी काय ते ठरवायला. तिनं कातरीनं एक पाकीट उघडलं आणि सगळ्यांमध्ये ठेवलं. वास आला, खवट, घशात बसणारा. बायांनी नाकाला पदर लावले. सत्यभामाबाई शेवटच्या ओळीत होती, तिच्यापर्यंत वास पोचला. उन्हात राहिलेल्या जवसाच्या तेलाचा वास तिला कोणी सांगायला नको होता.

"रीता, वही तुह्या नावाची हाय," मंगलाबाई म्हणाली. "ओल राहिली का?"

"नाही काकी. एकेक मोडून पायली मी."

"तेल?"

"नाही. साऱ्याईचे हात मी पायले."

सत्यभामाबाई फरशीकडे पाहत राहिली. रीता तिच्याकडे बघतेय की काय, हे पाहायची तिची छाती झाली नाही. पण रीताच्या मनातही आलं नव्हतं ते. सासूचे हात पाहायचे राहिले, हे तिला राहिलं असं वाटतच नव्हतं.

तेव्हा उषाबाई खाकरली. ज्या बाईला नखं कापायला परत पाठवलं होतं तीच. "साऱ्याईचे पायले, स्वतःचं पायलं का वो?"

"म्हनजे?"

"त्या दिवशी तू बाहेरची होतीस. बोरिंगवर कपडे धूत होतीस, मी माह्या डोऱ्यानं पायली. बाहेरचीनं लोनच्याले हात लावला तं लोनचं सडते, हे तुह्या मायनं शिकवलं नाही? आनं तू बारा घरच्या मिरच्या कालवल्या?"

रीता कानापर्यंत लाल झाली. घरातल्या पुरुषासमोरही जे बोलत नाहीत ते भर बैठकीत पसरलं होतं. ती पुटपुटली, "मॅडम मनल्या, त्यानं कायी होत नाही."

"होत नाही? हे का होय मंग?" उषाबाईनं पाकिटाकडे बोट केलं.

मंगलाबाईला ते सगळं पटलं होतं असं नाही, पण तिला कारण पाहिजे होतं आणि ते मिळालं होतं. तिनं मान वर करून मागं पाहिलं. "सत्यभामाबाई, तुमच्या घरची गोष्ट हाय. तुमाले मालूम होतं का?"

बारा तोंडं वळली. आता सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण ज्या तोंडांनी आजवर "कोनाच्या हातचं हाय" विचारलं तीच ही तोंडं, आणि त्यांच्यासमोर ती म्हणाली, "मले... मले कायी मालूम नाही बाप्पा."

रीतानं एकदाच तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. आपल्यामुळं सासूची मान खाली गेली याचंच तिला वाईट वाटत होतं, आणि सत्यभामाबाईला तेच सहन झालं नाही.

घरी आल्यावर रीतानं वही पेटीत टाकली. संध्याकाळी भूपेंद्र आला तो रस्त्यातच सगळं ऐकून. मिलमधला थकवा होता, त्यात हे. "गावभर चर्चा करून ठेवली घरच्या बाईची! बस झालं, जाऊ नको उद्यापासून तिकडे." सत्यभामाबाई चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिली. लाकूड नीटच जळत होतं.

दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी काढायची होती. सत्यभामाबाई म्हणाली, "रीता, बरनी दे न वो." रीता जागेवरून हलली नाही.

"तुमीच घ्या आई."

"काहून? आता तं..." सत्यभामाबाई अडखळली.

"नाही, आता नाही हो. पन माह्या हाताचंच कायी असन. काय मालूम." रीता आपले हात पाहत होती. मिरच्यांनी सोललेले, बोटांच्या टोकांना अजून पापुद्रे निघत होते. "मॅडम मनते ते पुस्तकातलं असन आई. मले नाही जायला पायजे होतं ढिगाजवळ. बारा जनीची मेहनत गेली माह्यापायी. तुमाले बी खाली पाहाले लागलं."

बोल न माये, सत्यभामाबाईनं स्वतःला शिवी घातली, आता तरी बोल. आणि बोलली काय? "भाकर खाऊन घे." बरणी तिनं स्वतः काढली. झाकण काढताना तेल ओट्यावर सांडलं.

गुरुवारी केवळराम गोठ्यातून आला. बैलाचा खांदा सोलला होता, त्याला लावायला तेल पाहिजे होतं. "जवसाच्या तेलाची बाटली कुठी हाय वो?"

"हाय तेथीच."

त्यानं भिंतीतल्या देवळीतून ती औषधाची बाटली काढली, उजेडाकडे धरली. तळाशी बोटभर. "भरली होती न हे? होळीले तं भरून ठेवली मी." सत्यभामाबाई सुपातले तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं. केवळरामनं तिच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग घरामागच्या सांदवाडीत भांडी घासत असलेल्या रीताकडे पाहिलं. तीस वर्षं संसार केलेला माणूस, त्याला आणखी काय सांगायचं?

"तिखटात गेलं?"

तिनं मान डोलावली.

"आनं पोरीले विटाळाचं बोलून राहिले लोकं."

"मले लाज वाटते वो," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. "कसं सांगू? तीस वरसं नाव कमावलं."

"मले कायले सांगतेस? मी का गटात हाय?" केवळराम बाटली घेऊन उठला. दारात थांबला. "खांद्याले पुरन एवढं घेतो. बाकीचं ठेवतो. लागन तुले." तळहातावर थोडं ओतून घेतलं आणि बाटली तिच्यासमोर ठेवून गेला.

शुक्रवारी मॅडम आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि उषाबाईला चांगलंच सुनावलं. "पाळीनं मिरची खराब होत नाही. झाली असती तर निम्म्या देशाचं तिखट सडलं असतं. कारण दुसरं आहे, ते शोधा." बायांनी माना डोलावल्या, पण एकीच्याही तोंडावरून पटल्यासारखं दिसेना. मॅडमची तरी काय सोय होती? कारण हातात नव्हतं, वहीत सही रीताची होती.

तेव्हा रीता उठून उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. "मॅडम, भंडाऱ्याले माहं नाव नका पाठवू. आनं वहीतून बी काढा."

"रीता, तुझं कामच चुकलेलं मला दिसत नाही."

"काढा मॅडम. घरच्याईले तरास होऊन राहिला."

मॅडमनी सुस्कारा टाकून पेनचं टोपण काढलं.

"थांबा," मागून आवाज आला.

सत्यभामाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. बायांच्या मधून वाट काढत पुढं आली, कमरेची बाटली काढली आणि वजनकाट्याच्या बाजूला ठेवली. "जवसाचं तेल हाय हे. मी चोळलं. रीता घरी गेली होती तवा. पोरीचा कायी दोष नाही."

मॅडमनी बाटली उघडून वास घेतला, मग पाकिटाचा घेतला, आणि मान डोलावली.

"किती घातलंत?"

"हाताले लागन तेवढं." मग तिला आठवलं हा प्रश्न कुठला, आणि तिची मान आणखी खाली गेली. "मोजलं नाही बाई. मले मोजता येत नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग मंगळवारी तोंड शिवलं होतं का वो?" मंगलाबाई उसळली. "मी तोंडावर इचारलं तुमाले! पोरीची इज्जत काढून राहिले लोकं आनं तुमी मनता मालूम नाही?"

"लाज वाटली."

"तुमाले लाज वाटली! आनं तिले?"

सत्यभामाबाई उभी राहिली. ऐकून घेतलं. एकेकीनं आळीपाळीनं बोलून घेतलं, कोणी देठं खुडल्याचे दिवस काढले, कोणी दुकानदाराचे शब्द. उषाबाई तेवढी आपली नखं पाहत बसली. रीता सासूकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मंगळवारी जे नव्हतं ते आता होतं. सत्यभामाबाईला वाटलं, याच्यापेक्षा दोन थापडा दिल्या असत्या पोरीनं तर बरं झालं असतं.

शेवटी मॅडमनी एक संधी आणखी दिली. मिरचीचा हंगाम संपत आला होता. मिळेल तेवढी आणून, पुन्हा वाळवून, महिन्याच्या आत. काम रीताच्याच नावावर. सत्यभामाबाईला गटात ठेवायचं की नाही हे मंगलाबाईनं रीतावर सोडलं. रीता खाली पाहत म्हणाली, "देठं खुडू द्या. बाहेर बसून."

बाहेर बसून! समाजमंदिराच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, आठ दिवस सत्यभामाबाई देठं खुडत बसली. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून विचारायची, "काहून, तुमी बाहेर?" ती म्हणायची, "मीच नासवलं होतं मागचं." पहिल्यांदा हे म्हणताना तिला दरदरून घाम फुटला. आठव्या दिवशीही फुटलाच, फक्त वाक्य न अडखळता यायला लागलं. घरी रीता जेवायला वाढायची, पाणी द्यायची, विचारेल तेवढं बोलायची. "आई" म्हणायची नाही. भूपेंद्रनं दोघींकडे पाहून एकदा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि केवळरामनं त्याला हातानंच गप्प केलं.

कांडायचा दिवस उजाडला. सकाळीच मंगलाबाई ओट्यावर येऊन म्हणाली, "चाला आत. मशीनजवळ मानसं कमी हाय. रीतानं सांगितलं."

बाया दारात रांगेनं उभ्या होत्या. रीता उंबऱ्यात, डोक्याला फडकं बांधलेलं. एकेकीचे हात पाहून आत सोडत होती. सत्यभामाबाईचा नंबर आला. रीता सवयीनं अर्धी बाजूला सरकली आणि थांबली.

सत्यभामाबाईनं दोन्ही हात पुढं केले. तळवे वर, मग खाली. देठांनी काळे पडलेले, भेगाळलेले हात सुनेपुढं धरून ती उभी राहिली आणि तिला स्वतःची बोटं लपवावीशी वाटली. रीतानं ते हातात घेतले. बांगड्या मागं सारून मनगट पाहिलं, नखं पाहिली. मग वाकून वास घेतला.

"डोक्याले तेल लावलं का?"

"सकाळी. वेनी घालताना."

"साबन लावून धुऊन या. दोनदा."

सत्यभामाबाई वळली, बोरिंगच्या हातपंपावर गेली. एका हातानं दांडा मारायचा नि दुसरा धुवायचा, असं करत तिनं हात कोपरापर्यंत घासले. देठांनी चिरलेल्या जागी साबण झोंबला. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं खांद्याला पुसलं, हात लागू दिले नाहीत. ओले हात तसेच अंगापासून दूर धरून ती परत आली आणि रांगेत सगळ्यात शेवटी, उषाबाईच्या मागं उभी राहिली.

ऊन चढत होतं. आत मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. रीतानं उषाबाईची नखं पाहिली, तिला आत सोडलं आणि समोर पाहिलं.

"दाखवा, आई," ती म्हणाली.